आठवी-नववीतल्या मुलासाठी कोणती गेमिंग स्पर्धा: बीजीएमआय, ईफुटबॉल की पोकेमॉन?

मुलगा किंवा मुलगी 'मला टूर्नामेंट खेळायची आहे' म्हणाली की घरात आधी बक्षिसाची चौकशी होते. माझ्या मते आधी वयाची चौकशी करावी. या स्पर्धेत आपल्या मुलाच्या वयाला जागा आहे का, की ते मोठ्यांच्या गर्दीत शिरणार आहे?

बीजीएमआय म्हणजे 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया', फोनवरचा बंदुकांच्या लढाईचा खेळ. त्याची ओढ मला पूर्ण समजते. खेळ फुकट, घरातला बरा फोन चालतो, चार मित्र जमले की स्क्वॉड, म्हणजे चौघांचा संघ, तयार. वर चढायला शिडीही खरी आहे. 2024 च्या बीजीआयएसची, म्हणजे या खेळाच्या अधिकृत भारतीय स्पर्धेची, अंतिम फेरी हैदराबादला झाली, बक्षिसाची रक्कम 2 कोटी होती आणि टीम एक्सस्पार्कने ती जिंकली. पण तिथे खेळायला किमान वय 16 लागते, आणि 18 च्या आतल्यांना पालकांची संमती. म्हणजे तेरा-चौदा वर्षांचे पोर कितीही चांगले खेळले, तरी त्याच्या वाट्याला खासगी स्क्रिम्स, म्हणजे सरावाच्या लढती, आणि कस्टम रूम, म्हणजे पासवर्ड लावून भरवलेल्या मॅच, एवढेच उरते.

तिथे काय चालते ते पाहा. मॅचच्या थोडे आधी ग्रुपवर रूम आयडी आणि पासवर्ड पडतो. आपल्या संघाला दिलेल्या स्लॉटवरच, म्हणजे ठरलेल्या जागेवरच, बसायचे. 16 संघ, 64 जण. पहिल्याला 10 गुण, दुसऱ्याला 6, तिसऱ्याला 5, असे उतरत आठव्याला 1, शिवाय प्रत्येक फिनिशचा, म्हणजे बाद केलेल्या प्रतिस्पर्ध्याचा, 1. या गुणपद्धतीमुळे मुले खरोखर विचार करायला शिकतात: कुठे भिडायचे, कुठे झोनच्या (आकसत जाणाऱ्या सुरक्षित वर्तुळाच्या) कडेने गप्प सरकायचे, आणि आयजीएलने (मॅचमध्ये सूचना देणाऱ्या कप्तानाने) सांगितलेले न पटले तरी कसे ऐकायचे. पण एक मॅच सुमारे अर्ध्या तासाची. चार मॅच आणि मधला खोळंबा धरला की तीन तास सहज जातात, तेही बहुतेक रात्री, कारण कॉलेजची आणि नोकरीची मुले तेव्हाच मोकळी असतात. खेळातच 18 च्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. ती संपली की दादाच्या आयडीवरून खेळण्याचा मोह होतो. घरी लक्ष ठेवायचे ते इथे.

'किलमागे इतके रुपये' अशी जाहिरात दिसली तर विषय तिथेच संपवा. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ बंद केले आहेत. ई-स्पोर्ट्सला त्यात वेगळी मान्यता आहे आणि स्पर्धेची नोंदणी फीही चालते, पण ती स्पर्धेत भाग घेण्यापुरती आणि आयोजनाच्या खर्चापुरतीच.

ईफुटबॉल हा फुटबॉलचा व्हिडिओ गेम यापेक्षा खूप सोपा. एकास एक, बंदुका नाहीत, मॅच लवकर आटोपते, त्यामुळे सोळा मुलांची बाद फेरी रविवारच्या एका दुपारीत उरकते. सोसायटीच्या हॉलमध्ये दोघे शेजारी बसून खेळले की नेट कुणाचे गेले यावरून होणारा वादही बराच मिटतो. वरची पायरीही भक्कम आहे. डिसेंबर 2024 मध्ये फिफाची ईफुटबॉल विश्वस्पर्धा रियाधला झाली. खटकते ते एकच, खेळाडूंचे पॅक, ज्यात कोण निघेल ते आधी कळत नाही. हवा तो खेळाडू मिळेपर्यंत पोर पॅक उघडत राहते आणि पैसे जातात. फोनवर खरेदीला पासवर्ड लावल्याशिवाय हा खेळ देऊ नका. वयाची अट आयोजकागणिक बदलते, ती विचारून घ्या.

मुलांचा सर्वात नीट विचार केलाय तो पोकेमॉन व्हिडिओ गेमच्या अधिकृत स्पर्धांनी. ज्युनिअर, सीनिअर आणि मास्टर्स असे जन्मसालानुसार तीन गट असतात. साधारण बारापर्यंत, तेरा ते सोळा आणि त्यापुढे. दहा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयोगटाचा जगज्जेता होता येते. फेऱ्या स्विस पद्धतीने होतात, म्हणजे पहिलीच लढत हरले म्हणून कुणी घरी जात नाही. सहा पोकेमॉन (खेळातले लढणारे काल्पनिक प्राणी) आणायचे, समोरच्याचे सहा पाहून त्यातले चार निवडायचे, आणि त्या निवडीला मिळते दीड मिनिट. बुद्धिबळाची आवड असलेल्या मुलांना हे फार भावते. अडचण एवढीच की हा खेळ निन्टेन्डो कंपनीच्या कन्सोलवर खेळतात आणि ती भारतात अधिकृतपणे कन्सोल विकत नाही. आयातीचा खर्च एका हौसेसाठी मला जड वाटतो. लंडन किंवा न्यू जर्सीकडे राहणाऱ्या मराठी घरांनी मात्र दुसरीकडे बघूच नये. युरोपची आंतरराष्ट्रीय स्पर्धा 2025 मध्ये लंडनलाच झाली होती.

महाराष्ट्रात राहून आज निवडायचे असेल तर 16 पर्यंत ईफुटबॉल, असे मी स्पष्ट सांगेन. त्यानंतरही बीजीएमआयचाच ध्यास असेल तर जरूर खेळू द्या, पण स्क्वॉडमधल्या चारही घरांनी एकदा बोलून रात्रीची वेळ ठरवा. एका आईने दहाला फोन काढून घेतला आणि बाकी तिघे मॅचमध्येच राहिले, की भांडण त्या चार मित्रांत लागते.