मूत्रपिंड निकामी झालेल्या पुरुषांतील संप्रेरकांचा बिघाड: टेस्टोस्टेरॉन घ्यावे की प्रत्यारोपणापर्यंत थांबावे?

दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असलेल्या पुरुषांच्या रक्ततपासणीत बऱ्याचदा टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी आणि एलएच (वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारे संप्रेरक) व प्रोलॅक्टिन (एरवी स्त्रियांत दूधनिर्मितीशी संबंधित संप्रेरक) वाढलेले आढळते. शरीरात साचलेल्या विषारी द्रव्यांचा वृषणांवर थेट परिणाम होतो, मेंदूकडून पिट्यूटरी ग्रंथीला (मेंदूच्या तळाशी असलेल्या, ही दोन संप्रेरके सोडणाऱ्या ग्रंथीला) जाणाऱ्या संदेशांची लय बिघडते आणि एलएच व प्रोलॅक्टिन रक्तातून काढून टाकण्याचे मूत्रपिंडांचे कामही मंदावते. कामेच्छा घटते, ताठरता येत नाही, स्तन वाढतात, स्नायू झिजतात आणि शुक्राणूंची संख्या रोडावते. नेहमीच्या डायलिसिसने यात फारशी सुधारणा होत नाही. उपचार निवडताना आधी एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे, असे मला वाटते: पुढे मूल हवे आहे का?

मूल नको असेल आणि सकाळच्या वेळी, दोन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या तपासण्यांत टेस्टोस्टेरॉन खरोखरच कमी आढळले असेल, तर टेस्टोस्टेरॉनच्या जेल किंवा इंजेक्शनचा विचार करता येतो. कामेच्छा आणि स्नायूंचे वस्तुमान यांत त्याचा लाभ दिसू शकतो. ताठरतेबाबत मात्र खात्री देता येत नाही, कारण मधुमेह, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांचा दोष संप्रेरकाने भरून निघत नाही. रक्त घट्ट होण्याचा धोका येथे विशेष महत्त्वाचा आहे, कारण यातील अनेक रुग्ण एरिथ्रोपोएटिन हे तांबड्या पेशी वाढवणारे औषधही घेत असतात. हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) ५४ टक्क्यांच्या वर गेल्यास टेस्टोस्टेरॉन थांबवावे लागते. इंजेक्शनपेक्षा जेलने ही वाढ सहसा कमी प्रमाणात होते. शरीरात पाणी साचणे हा दुसरा त्रास, आणि प्रोस्टेटचा कर्करोग असल्यास हा मार्ग बंदच समजावा.

मूल हवे असेल तर हेच औषध उलट काम करते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की पिट्यूटरी एलएच आणि एफएसएच (शुक्राणूनिर्मितीला चालना देणारे संप्रेरक) सोडणे कमी करते आणि शुक्राणूनिर्मिती जवळजवळ थांबू शकते. औषध बंद केल्यावरही ती पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागतात. रुग्णाला हे सुरुवातीलाच सांगितले जात नाही, ही गोष्ट मला सर्वांत खटकते.

प्रत्यारोपणाची तुलना करायची तर त्याचे पारडे जड आहे, कारण ते मुळावरच उपचार करते. नवे मूत्रपिंड नीट काम करू लागल्यावर काही महिन्यांत प्रोलॅक्टिन उतरते, टेस्टोस्टेरॉन वाढते आणि पुष्कळांमध्ये वीर्याची प्रतही सुधारते. तरीही डायलिसिसची वर्षे जितकी अधिक, तितकी ही शक्यता कमी होते; पूर्वी सायक्लोफॉस्फामाइड (मूत्रपिंडाच्या काही आजारांत प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी दिले जाणारे औषध) घेतले असल्यास वृषणांची हानी कायमची असू शकते आणि शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रत्यारोपणानंतर काहींना दिले जाणारे सिरोलिमस हे औषध स्वतःच टेस्टोस्टेरॉन व शुक्राणू घटवते. सिरोलिमसबद्दल प्रत्यारोपणाच्या आधीच डॉक्टरांशी बोलावे. अर्थात केवळ संप्रेरकांसाठी कोणी प्रत्यारोपण करत नाही आणि मूत्रपिंड केव्हा मिळेल हे रुग्णाच्या हाती नसते.

दोन्ही पर्यायांआधी चालू औषधांची यादी तपासणे सर्वांत स्वस्त आणि निर्धोक आहे. मेटोक्लोप्रामाइड व डॉम्पेरिडोन ही मळमळीवरची औषधे प्रोलॅक्टिन वाढवतात, तर स्पायरोनोलॅक्टोन या लघवी वाढवणाऱ्या औषधाने स्तन वाढू शकतात. रक्तक्षय सुधारला तरी अनेकांना हुशारी वाटते आणि कामेच्छाही थोडी परतते. कॅबरगोलिन या गोळीने प्रोलॅक्टिनचा आकडा खाली येतो, पण तक्रारी त्याच प्रमाणात कमी होतातच असे नाही. आकडा फारच मोठा असेल तर पिट्यूटरीत गाठ नाही ना, हे एमआरआयने पाहावे. मुख्य तक्रार ताठरतेची असेल तर सिल्डेनाफिल (ताठरतेसाठीची गोळी) २५ मिलिग्रॅमपासून सुरू करता येते, मात्र छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्याने ते अजिबात घेऊ नये.

मूल हवे आहे आणि प्रत्यारोपण अजून दूर आहे, अशा पुरुषाने टेस्टोस्टेरॉनला हात न लावता आधी वीर्यतपासणी करून घ्यावी. थोडेसेच शुक्राणू सापडले तरी ते गोठवून ठेवता येतात आणि एकेक शुक्राणू थेट बीजांडात सोडण्याच्या इक्सी पद्धतीला तेवढे पुरू शकतात.