‘शटर कंपनीने बदलून दिले आहे’ : जुना कॅमेरा घेताना झालेली माझी फसवणूक

२०२१ च्या दिवाळीनंतर मी ठाण्यातील एका गृहस्थाकडून निकॉन डी७५० हा वापरलेला कॅमेरा २४-१२० मिमी लेन्ससह ४८,००० रुपयांना घेतला. लग्नसराई तोंडावर आली होती. ७४,००० रुपयांत लहान सेन्सरचा नवा कोरा कॅमेरा, लेन्स आणि वॉरंटी असे सगळे मिळत होते. परंतु जुन्यात २६,००० रुपये वाचतात एवढाच हिशेब मी मांडला आणि त्यात दुरुस्तीचा रकाना ठेवलाच नाही.

विक्रेता थाप मारत होता, पण अभ्यास करून. २०१४ मध्ये बाजारात आलेल्या डी७५० च्या काही कॅमेऱ्यांत शटर, म्हणजे फोटो काढताना क्षणभर उघडून प्रकाश आत सोडणारा पडदा, सदोष निघाले होते, आणि ते विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे कंपनीने २०१५ मध्ये जाहीर करून पुढे आणखी कॅमेऱ्यांना ती सवलत लागू केली होती, हे खरे आहे. या खऱ्या गोष्टीवरच त्याने आपली खोटी गोष्ट बेतली. “सर, शटर कंपनीने फुकट बदलून दिलंय, म्हणून तर काउंट फक्त तेवीस हजार आहे,” असे सांगून त्याने पुराव्यादाखल आकाशकंदिलाचा एक फोटो पाठवला. शटर किती वेळा उघडले याची ही नोंद, म्हणजेच काउंट, निकॉनने काढलेल्या फोटोच्या मूळ फाइलमध्ये असते. ती मी पाहिली, आकडा २३,११८ निघाला, आणि १,५०,००० वेळा चाचणी घेतलेल्या शटरचे आयुष्य अजून बरेच शिल्लक आहे असे समजून मी निर्धास्त झालो. त्याच नोंदीत कॅमेऱ्याचा सीरियल नंबरही असतो. तो हातातल्या कॅमेऱ्यावरील नंबरशी जुळवून पाहावा, हे मला सुचले नाही.

व्यवहार स्टेशनाबाहेरच्या चहाच्या दुकानात, संध्याकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात आणि त्याच्याच मेमरी कार्डावर चार फोटो काढून झाला. पैसे रोख दिले, पावती घेतली नाही.

जानेवारीत हळदीच्या कार्यक्रमात भर उन्हात काढलेल्या फोटोंच्या वरच्या कडेला काळसर पट्टा येऊ लागला. दुसऱ्या दिवशी मंगलाष्टके संपून अंतरपाट खाली येत असताना आतला आरसा वरच अडकला आणि कॅमेरा ‘एरर’ दाखवू लागला. तो क्षण माझ्याकडे नाही. यजमानांना ८,००० रुपये परत केले.

सेवा केंद्रात समजले ते असे : हा सीरियल नंबर सदोष शटरांच्या यादीत नव्हताच, शटर कधी बदलल्याची नोंद नव्हती, आणि खरा काउंट १,८७,४१२ होता. आकाशकंदिलाचा तो फोटो दुसऱ्याच कॅमेऱ्याने काढलेला होता. तंत्रज्ञाने लेन्सचे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र, पूर्ण उघडून मागून टॉर्च धरला, तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली मला प्रथमच दिसली. “साफ होईल, पण कोटिंग खाल्लंय तिथले डाग राहतील,” असे त्यांनी आधीच स्पष्ट केले. शटर, मजुरी आणि जीएसटी मिळून १७,२००, लेन्सची सफाई ५,५००, कॅमेऱ्यावरचे फुगलेले रबर बदलण्याचे २,३००, म्हणजे एकूण २५,००० रुपये. ४८,००० गेलेलेच होते, म्हणून हा खर्च मला त्या वेळी किरकोळ वाटला. खरे तर नव्या कॅमेऱ्यापेक्षा केवळ एक हजार रुपये वाचवून मी वॉरंटी नसलेला कॅमेरा आणि डागाळलेली लेन्स पदरात पाडून घेतली होती.

शटर बदलण्याचा दर मी खरेदीपूर्वी एका फोनवर विचारू शकलो असतो आणि तो किमतीत मिळवूनच सौदा करायचा की नाही हे ठरवू शकलो असतो. शटर खरोखर बदलले असेल तर सेवा केंद्राचा जॉब शीट, म्हणजे केलेल्या दुरुस्तीचा कागद, असतो. तो मागावा, आणि ‘हरवला’ असे उत्तर आले तर शटर जुनेच आहे असे धरावे. स्वतःचे कार्ड घालून, दिवसाउजेडी, पांढऱ्या भिंतीचा फोटो १/४००० सेकंदाला काढावा; निकामी होत आलेले शटर अनेकदा तिथेच उघडे पडते. लेन्सकरिता खिशात टॉर्च न्यावा, विशेषतः कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत दोन-तीन पावसाळे काढलेली लेन्स असेल तर.

विक्रेत्याचा नंबर तेव्हापासून बंद आहे. मार्चमध्ये दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या नंबरने एक डी७५० विक्रीला आलेला मला दिसला. पुराव्यासाठी फोटो मागितला, तर तोच आकाशकंदील आला, काउंटही तोच, २३,११८.