बैठकीत पेडल: आठ महिन्यांनंतर

आमचा सुगम संगीताचा सहा जणांचा ग्रुप. सांगली-मिरज भागात गणपती, कोजागरी, एखादं डोहाळजेवण, पाडवा पहाट असे कार्यक्रम करतो. साउंडवाला दरवेळी निराळा आणि एकोबद्दलची त्याची आवडही निराळी. गेल्या गणपतीत एका मंडळात माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा लागला. तेव्हाच ठरवलं, इफेक्ट आपला आपण न्यायचा.

बॉस कंपनीची व्हीई-20, म्हणजे माइक आणि मिक्सरच्या मध्ये जोडून आवाजाला इफेक्ट देणारी पेडल, मनात भरली होती. हार्मनी (आपल्याच आवाजाला जोडीचे स्वर) आहे, लूपर (गायलेला तुकडा परत परत वाजवणारा) आहे, पेन्सिल सेलवरही चालते. पण बजेटबाहेर. शेवटी एका गिटारवाल्या मुलाकडून एकाच स्विचची साधी पेडल साडेसहा हजारांत घेतली, सेकंड हँड. रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा), डिले (आवाजाचं उशिरा येणारं उत्तर), थोडा कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा), पिच करेक्शन (सूर दुरुस्ती), एवढंच. माइकची कॅनन (तीन पिनांची वायर) पेडलमध्ये, पेडलची कॅनन मिक्सरला, झालं काम.

पहिल्याच तालमीत लक्षात आलं की ही पायाने दाबायची वस्तू आहे, आणि मी तर मांडी घालून पेटी वाजवत गाते! स्विच सारखा लागतो, कारण निवेदन करताना रिव्हर्ब चालू राहिला तर एसटी स्टँडवरची घोषणा वाटते. आता पेडल पाटावर, उजव्या गुडघ्याजवळ ठेवते. गुडघा जरा दाबला की बंद, परत दाबला की चालू. नऊवारीत जमायला दोन कार्यक्रम गेले.

आता पिच करेक्शनबद्दल, कारण बहुतेक लोक त्याच्यासाठीच पेडल घेतात. माझ्या पेडलचं करेक्शन क्रोमॅटिक आहे, म्हणजे गळ्यातून निघालेला स्वर ते बारा पट्ट्यांपैकी जवळच्या पट्टीवर ओढतं, आणि त्या पट्ट्या 440 हर्ट्झच्या हिशोबाने पक्क्या बसवलेल्या. माझी पेटी आजोबांच्या वेळची, किंचित चढी. मी पेटीला धरून गाते, पेडल मला खाली खेचते आणि दोघींच्या भांडणात आवाज थरथरतो. तानपुऱ्यावर गायलं तरी सुटका नाही. तानपुऱ्यात ऐकू येणारा शुद्ध गंधार मशीनच्या समान अंतराच्या पट्ट्यांतल्या गंधारापेक्षा साधारण 14 सेंट (एका पट्टीपासून पुढचीपर्यंत 100 सेंट) उतरा असतो, म्हणजे नेमका सुरेल लागलेला गंधारच मशीन ‘दुरुस्त’ करणार. मींडेच्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या, तर पायऱ्या होतात. आठ दिवसांत तो नॉब शून्यावर नेला, तो आजतागायत तिथेच आहे. पाश्चात्त्य धर्तीचं, कीबोर्डवर बसवलेलं गाणं असेल तर थोडं चालून जाईल. भजन-भावगीताला नको.

रिव्हर्बसाठी मात्र पैसे वसूल. त्यातला प्लेट प्रकार मला मानवला. मूळचा प्लेट रिव्हर्ब म्हणजे टांगलेला भलामोठा पत्रा असे. जर्मनीच्या ईएमटी कंपनीने 1957 मध्ये काढलेलं ते यंत्र दोन-अडीचशे किलोंचं होतं, आणि आज त्याची नक्कल माझ्या पाटावर बसते! घरी छान वाटलेलं सेटिंग मंगल कार्यालयात निम्मं करावं लागतं, कारण फरशी आणि पत्र्याचं छप्पर स्वतःच घुमतं. उघड्या मैदानावर थोडं वाढवायचं.

डिले क्वचित वापरते. केरवा मिनिटाला 120 मात्रांनी चालला असेल तर 500 मिलिसेकंदांवर प्रत्येक उत्तर बरोबर पुढच्या मात्रेवर पडतं. पण तबलजी रंगात येऊन लय चढवतो आणि मग डिले मागे लंगडत येतो.

कॉम्प्रेसरने सुरुवातीला घात केला. हलक्या जागा तो वर उचलतो, त्यामुळे मॉनिटरचा (आमच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरचा) आवाज परत माइकमध्ये शिरून शिट्टी लवकर वाजते. मिरजेतल्या एका कार्यक्रमात पहिल्या अंतऱ्यालाच वाजली. तेव्हापासून क्रम ठरवून टाकलाय: आधी मिक्सरवरचा गेन (आत येणारा आवाज किती उचलायचा तो नॉब) खाली, मग पेडलचा गेन लाल दिवा लागणार नाही इतपत, शेवटी फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी). आणि साउंडवाल्याला आधीच हात जोडून विनंती, “दादा, माझ्या चॅनलचा एको पूर्ण बंद ठेवा.” दोन एको एकावर एक चढले की शब्दांचा काला होतो. बहुतेक जण ऐकतात. एकाने “ताई, एकोशिवाय गाणं कसलं?” म्हणून हळूच चालू केला होता.

खटकलेली गोष्ट एकच, ती म्हणजे पॉवर. या पेडलमध्ये सेल बसत नाहीत, अडॅप्टरच लागतो. मूळ अडॅप्टर मिळाला नव्हता. बाजारातला स्वस्तातला लावला तर जनरेटरवर हमिंग येई. बऱ्या प्रतीचा आणल्यावर थांबलं. सेकंड हँड घेणार असाल तर अडॅप्टर मागून घ्या आणि कॅनन घालून हलवून बघा, सॉकेट ढिलं असेल तर खरखर तिथल्या तिथे कळते.

उभ्याने गाणाऱ्यांना अशीच पेडल घ्या म्हणेन. बैठकीत गाणाऱ्यांनी झूम व्ही3 सारखं टेबलावर ठेवून हाताने चालवायचं युनिट आधी बघावं. मला दोन्ही हात पेटीला लागतात, म्हणून माझा गुडघाच बरा.