पाटी ब्रिटनची, पिस्टन अमेरिकेचे: एमजीबीच्या इंजिनात मला १,८५० पौंडांना गंडवलं

ज्या वस्तूने मला गंडवलं ती इंजिनाच्या नंबराची पत्र्याची एक छोटी पाटी आहे, दोन रिव्हेटवर बसलेली. तुम्ही एमजीबी, म्हणजे इंग्लंडची ती जुनी स्पोर्ट्स गाडी, नव्याने उभी करत असाल, किंवा पुण्या-मुंबईत बसून इंग्लंडहून इंजिन मागवायचा बेत असेल, तर आधी हे वाचा आणि मग पैसे पाठवा.

माझी गाडी १९७७ ची एमजीबी जीटी, इंग्लंडच्याच बाजारासाठी बनलेली. मी इकडे मिडलंड्समध्ये राहतो. आधीच्या मालकाने कूलंटशिवाय नुसतं पाणी भरून ती हिवाळाभर उघड्यावर ठेवली आणि पाणी गोठून इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला. तेव्हा त्याच जातीचं दुसरं इंजिन हवं होतं, म्हणजे १८व्ही-८४७एफ-एच. यातला शेवटचा 'एच' महत्त्वाचा. हाय कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा-इंधन किती पट दाबतो ते प्रमाण जास्त, ९ ला १. अमेरिकेला गेलेल्या त्या काळातल्या इंजिनांच्या नंबरात तिथे 'एल' असतो, लो कॉम्प्रेशन, ८ ला १. उदाहरणार्थ १८व्ही-७९७एई-एल किंवा १८व्ही-८८३एई-एल. इंजिन तेच १७९८ सीसीचं, पण तिथल्या धुराच्या नियमांसाठी पार बदललेलं: १९७५ च्या मॉडेलपासून दोन एसयू कार्बोरेटर जाऊन एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग, पुढे बेल्टवर फिरणारा एअर पंप, आणि कॅलिफोर्नियात वर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. ऐंशीच्या पुढची अश्वशक्ती साठ-पासष्टवर येऊन ठेपली.

आता यात धंदा कुठे आहे ते बघा. १९६२ ते १९८० या काळात एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेल्या एमजीबींपैकी निम्म्याहून जास्त अमेरिकेला गेल्या. तिथल्या कोरड्या हवेच्या राज्यांतल्या गाड्यांना गंज नसतो, म्हणून गेली कित्येक वर्षं त्या परत इंग्लंडात येताहेत. लोकांना बॉडी हवी असते, तिचं दमलेलं इंजिन नको असतं. ती इंजिनं कुठेतरी शेडमध्ये साठतात. स्ट्रॉमबर्ग आणि एअर पंप काढायचा, दोन एसयू बसवायचे, काळा रंग मारायचा, की वरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. माहीत असलेल्या माणसाला फसवलं गेलं, म्हणूनच हे लिहितोय.

जाहिरातीत 'होम मार्केट (म्हणजे इंग्लंडच्याच बाजारासाठीचं), हाय कॉम्प्रेशन, ८४७, कमी चाललेलं' असं स्पष्ट लिहिलं होतं. भाव १,८५० पौंड. ३५० पौंड आगाऊ, बाकीचे १,५०० इंजिन बघितल्यावर, दोन्ही बँक ट्रान्सफरने. विक्रेता क्रेडिट कार्ड घेत नाही म्हणाला, 'मी काही दुकानदार नाही, हौशी माणूस आहे.' त्याच्या शेडमध्ये आणखी चार इंजिनं ओळीने ठेवलेली होती. हौशी माणूस!

आणि आता तो क्षण. इंजिन स्टँडवर होतं. मी टॉर्च घेऊन उजव्या बाजूला वाकलो, कारण नंबराची पाटी ब्लॉकच्या त्याच बाजूला असते. पाटीवर १८व्ही-८४७एफ-एच, पुढे क्रमांक. अक्षरं ठसठशीत. ब्लॉकवर चाळीस वर्षांचा तेलकट थर आणि रिव्हेटची डोकी मात्र चकचकीत. ती मला दिसली. मग प्लगच्या वर, हेडवर (ब्लॉकच्या माथ्यावर बसणाऱ्या भागावर), बोटाच्या पेराएवढे चार गोल उंचवटे दिसले. अंगठा फिरवला तर प्रत्येकाच्या मधोमध रंगाखाली किंचित खळगा लागला. चारही ठिकाणी. रंग तिथे जाड होता, नख रुतत होतं. मी विचारलं, 'हे काय आहे?' तो शांतपणे म्हणाला, 'कास्टिंगच्या खुणा आहेत, सगळ्या हेडना असतात.'

हे उत्तर किती पाताळयंत्री आहे ते समजून घ्या. उंचवटे इंग्लंडच्या हेडवरही असतात, हे खरं आहे. भोकं मात्र नसतात. अमेरिकेच्या हेडला तिथे आरपार भोकं पाडलेली असतात, एअर पंपाची हवा एक्झॉस्ट पोर्टमध्ये सोडायला. याने त्यात स्क्रू घट्ट बसवले, वर पुट्टी भरली आणि रंग फासला. अर्धं सत्य सांगून अर्धं झाकलं. मी प्रश्न विचारला होता, ठरावीक जागेवर बोट ठेवून विचारला होता. समोरचा माणूस डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलला, तर तो दोष विचारणाऱ्याचा कसा? खिशातल्या किल्लीने तो रंग खरवडला असता तर दहा सेकंदांत लोखंडाऐवजी पुट्टी निघाली असती, हे मला आता रोज आठवतं. पण दुसऱ्याच्या मालावर, त्याच्यादेखत, पैसे देण्याआधी कुणी ओरखडे काढतं का? यापुढे काढा. विचारून काढा, आणि नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

पॅलेटवरून इंजिन घरी आणायला ९५ पौंड. कॉम्प्रेशन गेज लावलं तर चारही सिलिंडरना १३० पीएसआयच्या आसपास. चारही सारखे, म्हणजे रिंगा-व्हॉल्व्ह झिजल्याचा प्रश्न नाही. ९ ला १ च्या इंजिनाला तो आकडा १६० च्या घरात हवा. गेज सोबत नेलं असतं आणि स्टार्टर फिरवू द्या म्हटलं असतं, तर तिथेच कळलं असतं. गेज स्वस्तात मिळतं, घेऊन ठेवा. मग इंजिन मशिन शॉपमध्ये नेलं. त्यांनी हेड उतरवलं, पिस्टनच्या माथ्यावरची वाटी ब्युरेटने मोजली आणि लेखी दिलं: वाटी खोल आहे, पिस्टन लो कॉम्प्रेशनचे, हेडला एअर इंजेक्शनची भोकं बुजवलेली. त्याचे १२० पौंड. पुन्हा जोडायला गॅस्केट आणि तेल, ७८ पौंड. योग्य पिस्टन आणि दुसरं हेड घालायचं तर आणखी ८५५ पौंड, मजुरी वेगळी. त्याच शॉपवाल्याच्या मते या इंजिनाची खरी किंमत ५०० ते ६०० पौंड.

विक्रेत्याला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, 'मलाही असंच मिळालं होतं.' दुसऱ्यांदा उचलला नाही. नंतर नंबरच ब्लॉक.

यानंतरची टोलवाटोलवी मूळ फसवणुकीपेक्षा जास्त लागली. ग्राहक हेल्पलाइनवरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, विक्रेता व्यापारी नाही, त्यामुळे २०१५ चा ग्राहक हक्क कायदा लागू नाही. मी म्हटलं, चार इंजिनं शेडमध्ये, गेल्या वर्षभराच्या जाहिराती मी काढून ठेवल्यात, मग हा व्यापारी नाही तर कोण? 'ते सिद्ध व्हावं लागेल.' कुणी सिद्ध करायचं? त्यावर उत्तर नाही. आणि खासगी विक्रेत्यालासुद्धा माल वर्णनाप्रमाणेच द्यावा लागतो, हे त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही. ते मला स्वतः वाचून कळलं.

बँकेची तऱ्हा आणखी निराळी. ऑक्टोबर २०२४ पासून फसवून करून घेतलेल्या ट्रान्सफरची भरपाई बँकांनी द्यायची, असा नियम इथे आला आहे. मी तो पुढे केला. बँकेचं म्हणणं, वस्तू तुमच्या हाती आली आहे, म्हणजे हा दिवाणी वाद, आमच्या नियमात बसत नाही. म्हणजे इंजिनाऐवजी विटा पाठवल्या असत्या तर चाललं असतं का? हेच पैसे क्रेडिट कार्डने गेले असते तर १९७४ च्या कंझ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ खाली विक्रेत्याबरोबर कार्ड कंपनीही जबाबदार धरता आली असती. त्यासाठी वस्तूची किंमत १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंत असावी लागते. म्हणून कार्ड नाकारणाऱ्या माणसाला आगाऊ पैसे देऊ नका, एक पौंडही नको.

पोलिसांनी 'दिवाणी बाब' हेच दोन शब्द ऐकवले. मी त्यांना साधा प्रश्न विचारला: पाटीवरचा क्रमांक दुसऱ्या कुठल्या तरी इंजिनाचा असू शकतो, मग ते इंजिन कुठे आहे? ती गाडी चोरीची नाही कशावरून? इंजिन बदललं की गाडीच्या व्ही५सी या नोंदणीच्या कागदावर नवा नंबर नोंदवावा लागतो. मी सरळपणे पाटी वाचून नंबर कळवला असता, तर खोटा नंबर सरकारदरबारी माझ्या सहीने गेला असता. एवढं सांगूनही कुणी येऊन ती पाटी बघितली नाही, फोटोसुद्धा मागितला नाही.

मनापासून मदत झाली ती गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमच्या दाखल्याची. पैसे भरले की तुमच्या चॅसिस नंबरवरून कारखान्याच्या नोंदवहीतला मूळ इंजिन नंबर आणि गाडी कुठल्या बाजारासाठी बनली ते मिळतं. इंजिन विकणारा 'अमुक गाडीतून काढलंय' म्हणाला, तर त्या गाडीचा दाखला मागा.

शेवटी स्वतःच स्मॉल क्लेम्सचा, म्हणजे छोट्या रकमेचा दिवाणी दावा लावला. तिथे मर्यादा १०,००० पौंडांची आहे आणि माझ्या रकमेला फी ११५ पौंड. म्हणजे आजवर खिशातून गेले २,२५८. जाहिरातीचा स्क्रीनशॉट होता म्हणून दावा उभा राहिला. जाहिरात तर त्याने दुसऱ्याच दिवशी काढून टाकली होती. पैसे देण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, आणि 'होम मार्केट, हाय कॉम्प्रेशन' हे त्याच्याकडून मेसेजमध्ये लिहून घ्या.

परवा त्याची नवी जाहिरात दिसली. पुन्हा ८४७, पुन्हा होम मार्केट, या वेळी १,९५० पौंड. कार्बोरेटरच्या बाजूचे भरपूर फोटो आहेत, प्लगच्या बाजूचा एकही नाही. मिडलंड्समध्ये कुणी हे इंजिन बघायला निघालं असेल तर आधी मला निरोप पाठवा, मशिन शॉपच्या लेखी अहवालाची प्रत देतो.