‘बट’, ‘बम’ आणि ‘फॅनी’च्या कसोटीवर ऑनलाइन इंग्रजी शब्दकोश

इंग्रजी शब्दकोश पारखायचा असेल तर त्यात अवघड शब्द शोधू नयेत, ढुंगणासाठीचे रोजचे शब्द शोधावेत. बॉटम, बम, बट, ॲस, आर्स, फॅनी. अवयव एकच. पण डॉक्टरसमोर कुठला चालतो, लहान मुलाशी बोलताना कुठला आणि चारचौघांत कुठला गिळून टाकायचा, हे ज्या कोशातून पटकन कळतं तोच कामाचा. फुकट उघडता येणारे नेहमीचे ऑनलाइन कोश इथे याच एका कसोटीवर तपासले आहेत.

पहिला शब्द ‘फॅनी’, कारण फजिती इथेच होते. अमेरिकेत हा ढुंगणासाठीचा सौम्य, जरा जुन्या वळणाचा शब्द. ब्रिटनमध्ये मात्र तो स्त्रीच्या जननेंद्रियासाठीचा असभ्य शब्द आहे. म्हणूनच कमरेला बांधायच्या पाउचला अमेरिकन ‘फॅनी पॅक’ म्हणतात आणि ब्रिटिश ‘बम बॅग’. केंब्रिजमध्ये अर्थाच्या आधीच देशाची खूण दिसते. कॉलिन्स ब्रिटिश आणि अमेरिकन नोंदी वेगळ्या देतो. या शब्दापुरते दोन्ही उत्तम. ज्या कोशात देशाची खूणच नाही, तो बंद करावा.

‘बट’साठी मेरियम-वेबस्टर उघडा. तिथे एकाच स्पेलिंगचे वेगवेगळ्या मुळांचे शब्द क्रमांक देऊन सुटे केलेले असतात, आणि इथे ते फार गरजेचं आहे. सिगरेटचं थोटूक, बंदुकीचा दस्ता, पाण्याचं पिंप, बकऱ्याची ढुशी, चेष्टेचा विषय, हे सगळं ‘बट’. पण पिंपाचा ‘बट’ लॅटिनमधून आलेला, ढुशीचा फ्रेंचमधून, आणि चेष्टेतला ‘बट’ म्हणजे मुळात तिरंदाजीचं लक्ष्य. कुणी ‘बट ऑफ द जोक’ झाला म्हणजे सगळ्यांच्या बाणांचा रोख त्याच्यावर. ढुंगणाचा तिथे काही संबंध नाही. केंब्रिजमध्ये व्युत्पत्ती नसल्यामुळे हे सुटत नाही.

‘ॲस’चा घोळ आणखी वेगळा. गाढव या अर्थाचा ‘ॲस’ लॅटिनच्या घराण्यातला. ढुंगणाचा ‘ॲस’ हा ‘आर्स’चाच अमेरिकन अवतार, मधला ‘र’ गळालेला. ब्रिटनमध्ये कुणाला ‘सिली ॲस’ म्हटलं तर तो गाढव ठरतो, त्यापेक्षा वाईट काही नाही. अमेरिकन ‘स्मार्टॲस’ मात्र दुसऱ्या घरचा. खरी परीक्षा वाक्प्रचारांत आहे. ‘वर्क युअर ॲस ऑफ’ म्हणजे मर मर राबणं. ‘हाफ-ॲस्ड’ म्हणजे पाट्या टाकलेलं काम. ‘गेट युअर ॲस ओव्हर हिअर’मध्ये ‘युअर ॲस’ म्हणजे नुसतं ‘तू’. ‘बिग-ॲस ट्रक’मध्ये तर त्याला स्वतःचा अर्थच उरत नाही, ट्रक भला मोठा आहे एवढंच. ‘किक ॲस’ म्हणजे कमाल करणं, पण मध्ये माणूस घुसवून ‘किक हिज ॲस’ म्हटलं की त्याला तुडवणं किंवा पार हरवणं. एका सर्वनामाने कौतुकाची मारामारी होते! इथे लाँगमन सरस वाटतो: वाक्प्रचार सुटे मांडतो आणि ‘नॉट पोलाइट’ अशी कुणालाही कळणारी खूण लावतो. ऑक्सफर्ड लर्नर्सची ‘टॅबू’ ही खूण जास्त कडक, नवख्याला तीच बरी.

‘बम’ ब्रिटनमध्ये मुलांसमोरही चालतो. अमेरिकेत मात्र तो पहिल्यांदा भटक्या किंवा आळशी माणूस असतो. सिगरेट ‘बम’ करणं म्हणजे फुकटात मागून ओढणं, ‘बम्ड आउट’ म्हणजे खट्टू, ‘बम नी’ म्हणजे दुखरा गुडघा. बिनकामाच्या छापील कागदांना ब्रिटिश ‘बम्फ’ म्हणतात. तो ‘बम फॉडर’चा, म्हणजे ढुंगण पुसायच्या कागदाचा, संक्षेप. डॉ. जॉन्सनच्या 1755 च्या कोशात ‘बम’ आणि ‘आर्स’ दोन्ही आहेत, त्यामुळे कोशकारांनी लाजण्याचं कारण नाही.

‘बॉटम’मध्ये मराठी माणूस अडकत नाही. आपलं ‘बूड’ही भांड्याला असतं आणि माणसालाही. शंका असेल तेव्हा हाच शब्द वापरा. डॉक्टरकडे नेमकं सांगायचं तर ‘बटक’. एकवचन म्हणजे एकच कुल्ला, इंजेक्शन तिथे.

अर्बन डिक्शनरी 1999 पासून आहे. कुणीही अर्थ लिहितो, बाकीचे मतं देतात. इतर कुठे न सापडलेला शब्द तिथे बघावा, पण गमतीखातर रचलेला अर्थही तिथे खऱ्याच्या शेजारी बसलेला असतो. दुसरीकडे दुजोरा मिळाल्याशिवाय तो वापरू नका.

भाषांतराच्या ॲपमध्ये सुटा शब्द टाकणं ही सगळ्यात नेहमीची चूक. अख्खं वाक्य टाका. ‘आय वॉज रिअर-एंडेड’ म्हणजे माझ्या गाडीला मागून कुणीतरी ठोकलं. सुटं ‘रिअर एंड’ टाकलंत तर नितंब हाती येतील आणि विम्याचा अर्ज भलताच होईल.

स्पीकरचं बटणही दाबून बघा. ब्रिटिश ‘आर्स’मध्ये ‘र’ ऐकू येत नाही, लांब ‘आ’ येतो. आणि ‘पण’ या अर्थाचा ‘बट’ जोर देऊन म्हटला की त्याच्यात आणि ढुंगणाच्या ‘बट’मध्ये फरक शोधत बसू नका. तो नाहीच.