सीसीटीव्हीच्या नावाखाली ५६,५०० रुपये कसे गेले: कॅमेरे बसवून घेण्याआधी वाचा

कोटेशनवर लिहिलं होतं, "४ टीबी सर्व्हेलन्स हार्ड डिस्क, ३० दिवस रेकॉर्डिंग". प्रत्यक्षात डिस्क निघाली ९३१.५१ जीबीची. म्हणजे एक टीबी, आणि तीही वापरलेली. हे उघड झालं ते गोडाऊनमधून बेदाण्याचे बॉक्स गेल्यावर. महिनाअखेरच्या मोजणीत माल कमी भरला, फुटेज बघायला बसलो, तर सहा दिवसांमागचं काहीच शिल्लक नव्हतं.

मार्केट यार्डातलं अडत दुकान, मागे गोडाऊन, आठ कॅमेरे. रकमा जशाच्या तशा देतो. मोघम सांगितलं की लोक म्हणतात, स्वस्ताच्या मागे लागले असतील. तसं नव्हतं. तीन कोटेशनं घेतली होती आणि हे मधलं होतं.

कॅमेरे ८, प्रत्येकी १,८५० प्रमाणे १४,८००. आठ चॅनेलचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) ६,२००. हार्ड डिस्क ९,८००. थ्री प्लस वन (चित्र आणि वीज एकत्र नेणाऱ्या) कॉपर केबलची ९० मीटरची चार बंडलं, १०,४००. एसएमपीएस (कॅमेऱ्यांना वीज देणारा पॉवर सप्लाय) १,४५०. बीएनसी, डीसी पिन अशा जोडणीच्या पिना आणि बॉक्स मिळून १,२००. रॅक १,६५०. मजुरी ४,०००. वर दोन वर्षांची एएमसी (देखभालीचा करार) आगाऊ, ७,०००. एकूण ५६,५००. त्यातले ४०,००० आधी यूपीआयने, तेही कॅमेरेवाल्याच्या दुकानाच्या नावावर नाही, त्याच्या वैयक्तिक खात्यावर. उरलेले १६,५०० काम झाल्या संध्याकाळी रोख.

आता एकेक ओळ घ्या. डिस्कचा हिशोब तर पाचवीतल्या पोराला जमेल. १ एमबीपीएस बिटरेटला (कॅमेरा सेकंदाला किती डेटा लिहितो तो आकडा) एका कॅमेऱ्याचे दिवसाला १०.८ जीबी लागतात. आमचे कॅमेरे २ एमबीपीएसवर होते, म्हणजे २१.६. आठ कॅमेऱ्यांचे रोजचे १७२.८ जीबी. एक टीबी सहा दिवस पुरत नाही, तोवर डीव्हीआर जुनं पुसून त्यावर नवं लिहायला लागतो. ३० दिवसांना ५,१८४ जीबी लागतात, म्हणजे सहा टीबीची डिस्क. त्याने खरोखर चार टीबी बसवली असती तरी २३ दिवसच मिळाले असते. म्हणजे तो कागद लिहितानाच खोटा होता. एच.२६५ वर (फुटेज जास्त आवळून साठवायची पद्धत) बिटरेट बराच खाली आणता येतो हे खरं, पण मग कोटेशनवर बिटरेट आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) लिहून घ्या. नुसते "३० दिवस" हा शब्द कवडीमोल आहे.

डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली. (कोणी असं करणार असाल तर एक सांगतो: विंडोज लगेच डिस्क इनिशियलाइज किंवा फॉरमॅट करायची का विचारतं. नाही म्हणा. हो म्हटलंत तर उरलंसुरलं फुटेजही हाताबाहेर गेलं समजा.) क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर-ऑन अवर्स, म्हणजे डिस्क चाललेले तास, दिसले ३१,२४०. साडेतीन वर्षं अखंड चाललेली डिस्क, आणि जात डेस्कटॉपची. चोवीस तास लिहीत राहण्यासाठी डब्ल्यूडी पर्पल, सीगेट स्कायहॉक अशा वेगळ्या डिस्क येतात. डिस्कवरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की वॉरंटी कधीपर्यंत आहे ते कळतं. हे दोन मिनिटांचं काम पैसे देण्याआधी करा. तासांचा आकडा शून्यावर आणून विकणारेही आहेत, म्हणून फक्त तासांवर जाऊ नका.

डीव्हीआर "फुल एचडी" म्हणून विकला. रेकॉर्डिंग होत होतं १०८०एन वर. हे नाव ऐकायला १०८०पी सारखं वाटतं, आणि नेमकं तिथेच माणूस गंडतो. १०८०पी म्हणजे १९२० बाय १०८०. १०८०एन म्हणजे ९६० बाय १०८०, आडवे पिक्सेल निम्मे. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू यायचा तर एका मीटर रुंदीला साधारण २५० पिक्सेल हवेत. त्या हिशोबाने फुल एचडीत साडेसात मीटर रुंदीचं शटर झाकता येतं, १०८०एन मध्ये चार मीटरसुद्धा नाही. कॅमेरा दोन मेगापिक्सेलचाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण डीव्हीआर निम्मंच लिहून घेत असेल तर कॅमेऱ्याच्या खोक्यावरचा आकडा काय चाटायचा? लाइव्ह चित्र स्वच्छ दिसतं म्हणून फसू नका. प्लेबॅक लावा, थांबवा, झूम करा, मगच बोला.

केबलमध्ये तर दुहेरी लूट. पहिली लांबीत. चार बंडलं म्हणजे ३६० मीटर लावली. केबलवर दर मीटरला आकडा छापलेला होता. दोन्ही टोकांचे आकडे वजा करत गेलो तर भिंतीवर २१० मीटरच्या आसपास भरली. उरलेली केबल तो पोत्यात भरून घेऊन गेला. दुसरी लूट तारेत. कॉपर म्हणून लावलेली तार ॲल्युमिनियमची, वर तांब्याचा मुलामा, धंद्यात तिला सीसीए म्हणतात. ब्लेडने तार खरवडली की आतून पांढरी चमकते. अस्सल तांबं आतपर्यंत लालच असतं. टोकं सोलून झाल्यावर तारेचे कपटे दुकानाच्या फरशीवर पडले होते, कापलेल्या तोंडाशी चांदीसारखे पांढरे. झाडणाऱ्या पोराने ते केराच्या डब्यात टाकले. चार-पाच माणसं समोर उभी होती आणि एकालाही खाली वाकून बघावंसं वाटलं नाही. त्यातला एक तुकडा उचलून ब्लेडने खरवडला असता तर त्याच क्षणी त्याची शिडी बाहेर काढता आली असती आणि १६,५०० खिशात राहिले असते. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

सीसीएचा त्रास दिवसा कळत नाही. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड एलईडी लागतात, करंट दुप्पट-तिप्पट होतो, आणि बारीक ॲल्युमिनियममध्ये व्होल्टेज गळतं. गोडाऊनच्या मागच्या कॅमेऱ्याला सुमारे ४० मीटर केबल आहे. मल्टिमीटर लावला तर दिवसा १०.९ व्होल्ट, रात्री ८.८. बारा व्होल्टच्या कॅमेऱ्याला इतकं कमी मिळालं की तो बंद पडतो, एलईडी विझतात, व्होल्टेज वर येतं, तो पुन्हा सुरू होतो, आणि रात्रभर हेच. चोरी नेमकी त्याच बाजूने झाली. आम्ही फोन केला तेव्हा म्हणाला, "शेठ, तुमच्या यार्डात लाइट डिम आहे, स्टॅबिलायझर टाकू." त्याचे २,२०० वेगळे घेतले. एसएमपीएस आतल्या आत बारा व्होल्ट स्थिर ठेवतोच, बाहेरच्या स्टॅबिलायझरने केबलमधली गळती थांबत नाही. स्वतःच लावलेल्या रोगावर त्याने औषधाचे पैसे घेतले.

सगळ्यात मोठा डाव पासवर्डचा होता. मोबाइल ॲपमध्ये डीव्हीआर त्याने स्वतःच्या अकाउंटला जोडला आणि आम्हाला नुसता शेअर केला. डीव्हीआरवर आमच्यासाठी वेगळा युजर काढला, ज्याला लाइव्ह आणि प्लेबॅक एवढंच दिसायचं. स्टोरेजचा मेनू उघडायचाच नाही, म्हणून डिस्क किती हे दिसायचंच नाही. ॲडमिन पासवर्ड मागितला तेव्हा म्हणाला, सेटिंग बिघडलं तर तुम्हालाच त्रास, आमच्याकडे राहू द्या. आणि हे पटण्यासारखं होतं हो. डीव्हीआरजवळून हमाल, मुनीम, ड्रायव्हर सतत ये-जा करतात, पासवर्ड बाहेर राहिला तर वाईट काय, असं कोणत्याही दुकानदाराला वाटेल. प्लेबॅकच्या कॅलेंडरमध्ये रेकॉर्डिंग असलेल्या तारखांना खूण असते. बसवल्यावर दहाव्या दिवशी ते कॅलेंडर उघडलं असतं तर सहा-सातच्या वर खुणा नाहीत हे दिसलं असतं. पण रोज धंदा सोडून कॅलेंडर कोण बघतं? कॅमेरा चालू दिसतोय ना, मग चालू आहे, असंच माणूस धरून चालतो.

डिस्कबद्दल जाब विचारला त्याच रात्री त्याने शेअरिंग काढून घेतलं. आमचं दुकान आमच्या फोनवरून गायब, त्याच्या फोनवर चालू. गल्ल्यावरचा कॅमेरासुद्धा.

डिव्हाइस त्याच्या अकाउंटमधून सोडवायला कंपनीने डीव्हीआरच्या लेबलचा फोटो आणि खरेदीचं बिल मागितलं. बिल कुठलं? त्याने दिला होता साधा छापील कागद, जीएसटी नंबर नसलेला. पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर, म्हणाला होता. एएमसी सोडून ४९,५०० वर ८,९१०. हे ८,९१० "वाचवायचे" म्हणून यार्डातले निम्मे लोक कच्चा कागद घेतात. अहो, तुमचा माल करपात्र असेल आणि तुम्ही नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरत असाल तर दुकानाच्या कॅमेऱ्यांचा हा कर इनपुट क्रेडिटमध्ये वळता होतो. वाचत काहीच नाही. जातं मात्र सगळं: वॉरंटी, कंपनीची मदत आणि पुरावा. बिलावर प्रत्येक वस्तूचा मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या, जीएसटी पोर्टलवर विकणाऱ्याचा जीएसटी नंबर टाकून बघा, आणि पैसे बिलावरच्या नावाच्या खात्यातच टाका.

कॅमेऱ्यांच्या लेबलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांकही नव्हता. आर, डॅश आणि आठ आकडे असतो तो. बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की उत्पादक आणि मॉडेल दिसतं. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या सुरक्षेचे नवे सरकारी निकष ९ एप्रिल २०२५ पासून सक्तीचे आहेत. त्यामुळे निकषांत न बसणारा जुना माल खपवणारे आता गावोगाव फिरताहेत.

मग तक्रारीचा फेरा. चोरीची फिर्याद द्यायला गेलो तर पहिला प्रश्न, "फुटेज आणलंय का?" फुटेज नाही, कारण हे असं असं झालं, म्हटल्यावर चोरीची फिर्याद बाजूला राहिली आणि कॅमेरे नीट का बसवले नाहीत यावर आम्हालाच उपदेश. दुकानासमोरच्या रस्त्याकडे एक कॅमेरा लावा, पोलिसांना उपयोग होतो, असं सांगायला येतात तीच ही माणसं. कॅमेरेवाल्याविरुद्ध अर्ज दिला, तर अर्ज न वाचता "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." सिव्हिल कसं? नवी चार टीबी सांगून वापरलेली एक टीबी देणं, तांबं सांगून ॲल्युमिनियम देणं, ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधली सरळ फसवणूक आहे. दुसऱ्याचा डीव्हीआर स्वतःच्या अकाउंटला अडकवून ठेवणं हे काय सिव्हिल झालं? एका हेल्पलाइनवर सांगितलं की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, हे ऑनलाइन फसवणुकीत येत नाही. दुसरीकडे म्हणाले, तुम्ही ग्राहकच नाही. हे दुसरं मात्र कायद्यात आहे, आणि व्यापाऱ्यांना ते माहीत नसतं: ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यावसायिक वापरासाठी वस्तू घेणारा ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही. फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतली असेल तरच सूट. एकट्याने चालवणारा टपरीवाला जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत जाऊ शकतो, नोकर ठेवून अडत चालवणारा अडकू शकतो. कर भरायला आम्ही व्यापारी, फसलो की दारोदार.

पोलीस ठाण्यात नोंद घेत नसतील तर तोंडी वाद घालू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. अर्जाला कोटेशन, यूपीआयची नोंद, स्टोरेज मेनूचा फोटो, डिस्कचा सिरियल नंबर आणि खरवडलेल्या केबलचा फोटो जोडा. फुटेज मिळालंच तर पेनड्राइव्हवर नुसतं देऊन भागत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लागतं. आणि डीव्हीआरचं घड्याळ बघा. आमचं चुकीच्या टाइम झोनवर होतं. जीएमटी अधिक ५:३० नसेल तर तो पुरावा कोर्टात पहिल्याच प्रश्नाला डळमळू शकतो.

तो माणूस अजून यार्डांमधून फिरतोय, हीच कोटेशनं देतोय. तुमच्याकडे आधीच कॅमेरे असतील तर आज दुकान बंद करण्याआधी डीव्हीआर ॲडमिनने उघडा. पासवर्ड नसेल तर बसवणाऱ्याला समोर बोलावून टाकायला लावा आणि लगेच बदला. मग स्टोरेजमध्ये डिस्कची क्षमता बघा, युजर लिस्टमधलं ओळखीचं नसलेलं प्रत्येक नाव काढा, आणि ॲपमध्ये डिव्हाइस कोणाच्या मोबाइल नंबरवर जोडलेलं आहे ते तपासा. तुमच्या नंबरवर नसेल तर त्याचा एएमसीचा पुढचा हप्ता तिथेच थांबवा.