त्रेचाळीस खंड, विनामूल्य : डच भाषेचे ऐतिहासिक शब्दकोश

डच भाषेच्या प्राथमिक पायऱ्या ओलांडलेल्या विद्यार्थ्याला शब्दांचे अर्थ माहीत असतात. ते अर्थ त्या शब्दांना कसे आणि कधी चिकटले, हे मात्र नेहमीचे द्विभाषी कोश सांगत नाहीत. लायडन येथील डच भाषा संस्थेने संकेतस्थळावर सर्वांसाठी खुल्या केलेल्या ऐतिहासिक शब्दकोशांचे मोल इथे कळते.

या संग्रहाचा कणा म्हणजे ‘वोर्डेनबूक डेर नेडरलान्टसे टाल’, म्हणजेच ‘डच भाषेचा शब्दकोश’. भाषाशास्त्रज्ञ मातियास द व्रीस यांनी 1851 मध्ये हाती घेतलेल्या या कोशाचा पहिला भाग 1864 मध्ये निघाला आणि अखेरचा खंड 1998 मध्ये. त्यानंतर 2001 मध्ये तीन पुरवणी खंडांची भर पडून एकूण संख्या 43 झाली. द व्रीस आणि त्यांचे सहकारी लामेर्ट ते विंकेल यांना या कोशासाठी आधी लेखनाचे नियमच बसवावे लागले, आणि कोश शेवटपर्यंत त्याच नियमांना धरून राहिला. त्यामुळे ‘माणूस’ या अर्थाच्या ‘मेन्स’ शब्दाच्या शेवटी आज एकटा ‘एस’ येत असला, तरी कोशात त्याच्यामागे ‘सी’ आणि ‘एच’ ही मूक अक्षरे उभी दिसतात. सुदैवाने आजच्या लेखनानुसार शोधण्याची सोय स्वतंत्र चौकटीत दिलेली आहे.

एकच शब्द सर्व कालखंडांत एका वेळी शोधता येणे, हे मला या सेवेचे सर्वांत मोठे बलस्थान वाटते. इ. स. 500 ते 1200 या काळातील प्राचीन डचचा कोश, तेराव्या शतकाचा स्वतंत्र कोश, सुमारे 1550 पर्यंतच्या मध्ययुगीन डचचा कोश आणि 1500 ते 1976 पर्यंतचा हा महाकोश शेजारी शेजारी उघडतात. पक्ष्याला आज ‘फोखल’ म्हणतात. अकराव्या शतकाच्या अखेरीच्या, प्राचीन डचमधील एका प्रसिद्ध प्रेमओळीत त्याचेच अनेकवचन ‘वोगाला’ असे भेटते. मधला प्रवास वाचकाने उताऱ्यांतून स्वतः पाहायचा असतो. भाषाशास्त्र लोकांपर्यंत नेताना निष्कर्ष सोपे करून सांगण्याची पद्धत रूढ आहे. इथे पुरावाच हाती दिला जातो, आणि मला ते अधिक प्रामाणिक वाटते.

अर्थात, यासाठी वाचकाची तयारी हवी. सर्व विवरण डचमध्ये आहे, संक्षेप पुष्कळ आहेत, उच्चार ऐकण्याची सोय नाही. आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला रंजक वाटेल : कोश नामांची तीन लिंगे सांगतो, पण पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी या दोहोंना ‘द’ हेच उपपद लागत असल्याने नेडरलँड्समधील बहुतेकांच्या बोलण्यात तो भेद पुसला गेला आहे.

केवळ व्युत्पत्ती हवी असेल, तर निकोलीन फान डेर सेइस यांनी संकलित केलेली ‘एटिमोलोखीबांक’ ही शब्दव्युत्पत्तींची ऑनलाइन पेढी अधिक सोयीची आहे. पाठ्यपुस्तके ज्याला भाषांतर नाही असे सांगतात, त्या ‘खझेलिख’ (सोबतीतला ऊबदार आपलेपणा सांगणाऱ्या) शब्दाच्या मुळाशी ‘खझेल’ म्हणजे सोबती आहे आणि त्याच्याही मुळाशी ‘झाल’ म्हणजे दालन : एकाच दालनात राहणारा तो सोबती.

1976 नंतरच्या शब्दांसाठी मात्र याच संस्थेचा, 1970 पासूनची भाषा नोंदवणारा आधुनिक कोश उघडावा; तोही विनामूल्य आहे.